आठ हातांची बाई

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या पोस्टर कार्यशाळेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक गट)



आज दुपारी आपण पोस्टरं करायला बसणार आहोत. त्याआधी चित्रांबद्दल कुणीतरी थोडं बोलावं असं ठरलं आणि ते काम माझ्या वाट्याला आलं. मी चित्रकार नाही, कलेच्या इतिहासाची अभ्यासकही नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि त्यानंतर गेली दहा-बारा वर्षं वस्त्यांमधल्या बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. पण आपल्या कामात चित्राशिवाय पान हलत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. कायदा समजावून सांगायचा तर चित्र, आरोग्याचं शिबिर असलं तर चित्र, मोर्चाला निघालो की हातात चित्र. आणि तरी गंमत अशी की घोषणेतल्या एका शब्दावरून आपण रात्र-रात्र भांडतो, चित्र मात्र ‘छान दिसतंय, घेऊन टाक’ म्हणून घेतो. ते कुठून आलं, कुणी काढलं, कुणासाठी काढलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

म्हणून आज मी एकाच चित्राचा माग काढायचं ठरवलं आहे. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आठ मार्च जवळ आला की ते मोबाइलवर फिरायला लागतं. साडी नेसलेली, हसतमुख, आठ हातांची बाई. एका हातात कालथा, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात थोरल्याची वही, एकात झाडू, एकात म्हाताऱ्या सासूची औषधाची बाटली, एकात फोन, आणि आठव्या हातात बहुतेक वेळा पर्स. मागे तेजोवलय. खाली ‘नारीशक्तीला सलाम’. बँकेच्या जाहिरातीत हीच, नगरसेवकाच्या फलकावर हीच, बचत गटाच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर हीच. आणि खरं सांगायचं तर आज इथं भिंतीवर लावलेल्या आपल्या जुन्या पोस्टरांमध्येही ती मला दोनदा दिसली.

एका वस्तीतल्या बैठकीत मी हे चित्र मध्ये ठेवलं आणि काय दिसतं ते विचारलं. बहुतेक जणी हसल्या, आपलीच गत आहे म्हणाल्या. घरकामाला जाणारी एक बाई बराच वेळ नुसती बघत होती. मग ती म्हणाली, एवढे हात दिलेत, पण जेवायला एकही मोकळा ठेवलेला नाही. चर्चा तिथंच संपवली असती तरी चाललं असतं!

आता ही बाई जगात आधी कुठं येऊन गेली होती ते बघा. अमेरिकेतल्या बायकांनी १९७२ साली ‘मिझ’ नावाचं स्त्रीवादी मासिक काढलं. त्याच्या नमुना अंकाच्या मुखपृष्ठावर आठ हातांची, निळ्या अंगाची बाई होती. मिरियम वॉस्क या चित्रकर्तीने काढलेली. हातांत तवा, इस्त्री, टेलिफोन, टाइपरायटर, गाडीचं चाक, आरसा, घड्याळ, धूळ झटकायचा झटका. पोटात गर्भ. मासिकाच्या एक संस्थापक ग्लोरिया स्टायनम १९५० च्या दशकात भारतात राहून गेल्या होत्या, तेव्हा ही कल्पना आपल्याकडच्याच देवीवरून गेली हे उघड आहे. पण एक फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या मुखपृष्ठावरची बाई रडते आहे. तिच्या डोळ्यांतून टपटप आसवं गळताहेत. आठ हात ही तिची तक्रार आहे.

आपल्याकडे तीच बाई हसायला लागली. तक्रारीचं कौतुक झालं. कामाची वाटणी करा असं म्हणायच्या ऐवजी चित्र म्हणतं, तुला देवाने जादा हात दिलेत, चालू दे! एका अर्थाने हे पोस्टर आपल्या घरातल्या पुरुषांसाठीच काढलेलं आहे. ते पाहून त्यांना उठून भांडी घासावीशी वाटण्याचं काही कारण नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर ती जाहिरातवाल्यांची लबाडी म्हणून आपण मोकळ्या होऊ. प्रश्न असा आहे की आपल्याला हे चित्र इतकं पटकन ओळखीचं का वाटतं? त्याचं उत्तर आपल्या भिंतीवर आहे, कॅलेंडरात.

भिंतीवरच्या या देव्या फार जुन्या असाव्यात असं आपल्याला वाटतं. देवी जुनी आहेच, पण आपल्या डोळ्यांपुढे येते ती गोरीपान, भरल्या अंगाची, साडी चापून-चोपून नेसलेली लक्ष्मी मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. राजा रविवर्मा राजेरजवाड्यांसाठी तैलचित्रं काढत. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जर्मन तंत्रज्ञ आणले. एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि कागद एकामागून एक त्या दगडांवर दाबायचा, अशी ती छपाई. राजवाड्यातलं चित्र त्यामुळे चाळीतल्या खोलीत आलं. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरात देवाची तसबीर आली, ही गोष्ट मी लहान मानत नाही. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली करावा लागला हे लक्षात घेतलं, तर त्याच्या कितीतरी आधी छापखान्याने एक दार किलकिलं केलं होतं असं म्हणता येईल.

पण त्याबरोबर दुसरंही झालं. देवी कशी दिसते हे एकदाचं ठरून गेलं. दगडाला शेंदूर फासलेली तांदळा देवी, मुखवट्याची देवी, गावागावांतल्या काळ्या, उग्र देव्या, यांच्या जागी एकच चेहरा आला. खानदानी घरातल्या सुनेचा. रंग गोरा, नजर शांत, दागिने भरपूर. मग तोच चेहरा काडेपेटीवर, कापडाच्या ताग्यावरच्या लेबलावर, साबणाच्या कॅलेंडरावर. देवीसारखी बाई आणि बाईसारखी देवी यांतला फरकच उरला नाही.

आणि या चेहऱ्यासाठी बसलं कोण? त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने चित्रकारासमोर बसणं शक्यच नव्हतं. रविवर्म्यांच्या मॉडेलांमध्ये गोव्याकडच्या कलावंत घराण्यातल्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव घेतलं जातं. ज्यांना समाज पुढच्या दाराने आत घेत नव्हता अशा बायकांचे चेहरे आणि अंगं चित्रांतून घराघरांत गेली, आणि त्या चित्रांकडे बोट दाखवून घरातल्या मुलींना कुलीनपणा शिकवला गेला. कलावंतीण, देवदासी, तमासगीर बायकांबरोबर काम करणाऱ्या इथल्या मैत्रिणींनी हे जरूर सांगत जावं.

एक छोटीशी गोष्ट मला या सगळ्यात आवडते. या छापील तसबिरींवर पुष्कळ घरांत हाताने काम केलेलं असे. देवीच्या साडीच्या जागी खरं कापड चिकटवलेलं, पदराला जर लावलेली, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी शिवलेले. अशा तसबिरी अजून संग्रहांत पाहायला मिळतात. त्यावर नाव फक्त रविवर्म्यांचं असतं. सुई कुणाची ते कुणी लिहून ठेवलं नाही.

भिंतीवरून ही बाई पडद्यावर गेली. दादासाहेब फाळक्यांनी रविवर्मा प्रेसमध्ये काही काळ काम केलं होतं. त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामती केली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! म्हणजे पतिव्रता कशी चालते, कशी मान खाली घालते, कशी रडते, हे सिनेमाच्या पडद्यावर आपल्याला पहिल्यांदा शिकवलं ते एका पुरुषाने. रंगभूमीवर तर हे आधीपासून चालूच होतं. बालगंधर्वांची साडी, त्यांचा गजरा आणि नथ पाहून भल्या घरच्या बायका तसं नेसायला लागल्या हे आपण कौतुकाने सांगतो. बाई कशी असावी याचा नमुना पुरुषाने अंगावर घालून दाखवायचा आणि बाईने त्याची नक्कल करायची! फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या बायका पडद्यावर आल्या. त्या मायलेकींचं नाव आपल्या कार्यक्रमांत फारसं निघत नाही, ते निघायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, लोकप्रिय चित्रांत सगळ्या बायका सोशिकच का? नाही. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ काढला. दिवसा राजकन्या आणि रात्री तोंडावर मुखवटा, पायात बूट, हातात चाबूक घेऊन जुलमी प्रधानाच्या माणसांना झोडपणारी नायिका. काम केलं होतं नादियाने. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातला. घोड्यावरून दौड, छपरावरून उडी, धावत्या आगगाडीवर मारामारी, सगळं स्वतः करायची. ‘डायमंड क्वीन’ या १९४० च्या चित्रपटात तिच्या तोंडी बायकांच्या शिक्षणाची आणि हक्कांची भाषा आहे. पिटातले प्रेक्षक तिच्यावर खूश असत. पण हे सगळं करायची मुभा तिला मिळाली ती ती गोरी, सोनेरी केसांची, परकी दिसणारी होती म्हणूनही. तारामतीने चाबूक उचलला असता तर पडदाच फाडला असता लोकांनी.

म्हणजे आपल्यापुढे दोन पेट्या आहेत. एकीत देवी आणि पतिव्रता, दुसरीत मुखवटेवाली आणि खलनायिका. कल्पनेतल्या आहेत दोन्ही. आणि आपल्या पोस्टरातली बाई यांच्यापैकीच कुणीतरी असते. रडणारी असली तर तारामती, उठलेली असली तर दुर्गा.

चित्रकार बायकांनी या पेट्यांचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. मी एकीबद्दल जरा सविस्तर सांगते. पुष्पमाला एन. या बंगळूरच्या. बडोद्याला शिल्पकला शिकल्या. १९९६ ते १९९८ या काळात त्यांनी मुंबईत ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ नावाची छायाचित्रांची मालिका केली. अगदी जुन्या हिंदी सिनेमासारखी. काळी-पांढरी छायाचित्रं, रात्रीची मुंबई, मुखवटा घातलेली साहसी नायिका आपल्या हरवलेल्या जुळ्या बहिणीला शोधते आहे. ती बहीण झाली आहे खलनायिका. दोन्ही भूमिका पुष्पमालांच्याच. नादियाची आठवण पदोपदी येते. वरवर पाहिलं तर गंमत आहे. पण सिनेमाने ज्या दोन बायका कायम एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या, त्या जुळ्या बहिणी आहेत एवढं सांगायला एक भाषण खर्ची पडलं असतं. तिथं ते एका चेहऱ्याने सांगितलं.

त्यानंतर २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर त्यांनी ‘दक्षिण भारतातील देशी स्त्रिया’ अशा अर्थाच्या नावाची मोठी मालिका केली. गोऱ्या साहेबांनी इथल्या लोकांच्या जातीजमातींचे नमुने म्हणून फोटो काढले होते ना, त्या पुस्तकांची नक्कल त्या नावात आहे. त्यात पुष्पमाला स्वतः एकेक बाई होतात. रविवर्म्याची कमळावरची लक्ष्मी होतात. वेलंकणीची माता होतात. चाबूक उगारलेली सिनेमाची नायिका होतात. वर्तमानपत्रातल्या फोटोतल्या, पोलिसांनी पकडलेल्या बायका होतात. आणि मोजमापाच्या चौकटीसमोर उभी केलेली आदिवासी बाईही होतात, जिचं अंग शास्त्राच्या नावाखाली इंच-इंच मोजलं गेलं होतं.

ही सगळी चित्रं एका ओळीत लावली की काय होतं ते बघा. लक्ष्मी आणि आरोपी बाई शेजारी-शेजारी येतात, आणि दोघींचा चेहरा एकच. आपल्या लक्षात येतं की पूजा करायची बाई आणि मोजमाप घ्यायची बाई, दोघींनाही कुणीतरी सांगितलेलं आहे की अशी उभी राहा, इकडे बघ, हात असा धर. आणखी एक. मागचा देखावा रंगवलेला पडदा आहे, कमळ खोटं आहे, हे त्यांनी लपवलेलं नाही. तसबिरीची शिवण उसवून दाखवली आहे. देवीची टिंगल कुठं नाही. उलट तो वेश चढवायला किती कष्ट पडतात तेच दिसतं.

याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवते. २०१३ साली मुंबईच्या एका जाहिरात संस्थेने एका समाजसेवी संस्थेच्या मोहिमेसाठी काही पोस्टरं केली. दुर्गा, लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या जुन्या हाताने रंगवलेल्या कॅलेंडरांची हुबेहूब नक्कल, खऱ्या बायकांना उभं करून घेतलेले फोटो. फक्त देवीच्या गालावर वळ, डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फुटलेला. सांगणं असं की घरोघर बायकांना मारहाण होते आहे, उद्या ज्यांची पूजा करता त्याही सुटायच्या नाहीत. जगभर ती पोस्टरं गाजली. आपल्यातल्याही पुष्कळ जणींनी पुढे पाठवली. दोन्हीकडे कॅलेंडरच घेतलं आहे, दोन्हीकडे खऱ्या बाईने देवीचा वेश केला आहे. मग फरक कुठं आहे?

माझ्या मते त्या जाहिरातीने तसबिरीला धक्काच लावला नाही, फक्त वर जखम रंगवली. बघणाऱ्याला हळहळ वाटते ती देवीला मारलं म्हणून. म्हणजे बाईला मारू नये, कारण ती देवी आहे. मग जी देवीसारखी नाही तिचं काय? जी उलट बोलते, दारू पिते, दोन नवरे सोडून आली आहे, बारमध्ये नाचते, तिचं काय? आपल्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी किती जणी या पोस्टरात बसतील? पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना ‘तुम्हीच काही केलं असेल’ हा जो प्रश्न विचारला जातो, तो या चित्राच्या पोटात आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा बाई चांगली आहे का ते विचारत नाही. आपल्या चित्रांनी तरी कायद्याच्या मागे राहू नये.

सकाळी एका ताईंनी मला अडवून विचारलं की आपल्याच चळवळीने काली आणि दुर्गा वापरली ना? हो, वापरली. १९८० च्या आसपास मथुरा खटल्याच्या निमित्ताने बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा दुबळेपणाचं चित्र पुसायला हाताशी होतं ते शक्तीचं रूप. १९८४ साली दिल्लीत स्त्रीवादी प्रकाशन सुरू झालं त्याचंही नाव ‘काली फॉर वुमन’. त्याच प्रकाशनातून पुढे निघालेल्या ‘झुबान’ने २००६ च्या सुमारास देशभरातल्या स्त्री-चळवळीची पोस्टरं गोळा केली, दीड हजाराच्या घरात. ती पाहिली तर कळतं की आधीच्या बायकांनी किती तऱ्हा करून पाहिल्या होत्या. साखळी तोडणारे हात, पिंजऱ्यातली चिमणी, वारली पद्धतीच्या रेषा, गोधडीसारखी कापडी चित्रं, सगळं आहे. देवी ही त्यांतली एक वाट होती.

पण त्यानंतर काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली काढलेली भारतमाता ही भगव्या वस्त्रातली एक शांत साध्वी होती. चार हातांत पोथी, भाताची लोंबी, वस्त्र आणि जपमाळ. शस्त्र एकही नाही. कॅलेंडरांनी तिला पुढे सिंह दिला, नकाशावर उभी केली. १९९१ मध्ये दुर्गा वाहिनी स्थापन झाली. म्हणजे जे चित्र आपण घरातल्या नवऱ्याच्या हाताविरुद्ध उचललं होतं, तेच शेजारच्या मोहल्ल्याविरुद्ध उचललं गेलं. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी १९९० च्या दशकातच हे आपल्याला सुनावलं होतं, की चळवळीने हिंदू प्रतीकं सहजपणे आपली मानली आणि अल्पसंख्याक बायकांना ती किती परकी वाटतात हे पाहिलंच नाही. मुंब्र्याच्या, मालेगावच्या, भिवंडीच्या बायकांच्या बैठकीत दुर्गेचं पोस्टर लावून ‘हे तुमचंही आहे’ असं आपण कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ज्या घरांत बुद्ध, बाबासाहेब, रमाई आणि सावित्रीबाई यांच्या तसबिरी आहेत, त्या घरांत? तिथली कॅलेंडरं ही निराळीच लोकप्रिय कला आहे. आपल्या पोस्टरवाल्यांनी तिच्याकडे धड पाहिलेलंही नाही.

तरी देवी म्हणजे फक्त फसवणूक असं मी म्हणणार नाही. अंगात येणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एरवी ब्र न काढणारी सून अंगात आलं की सासऱ्याला एकेरीत दम देते, आणि तो हात जोडून ऐकतो. ती देवी कॅलेंडरातली नव्हे. तिचे केस सुटलेले असतात, घाम आलेला असतो, आणि हसतमुख तर ती अजिबात नसते. तुळजापूरला किंवा सौंदत्तीला जाणाऱ्या बायकांना मी देवी सोडा असं सांगत नाही, सांगायचा मला अधिकारही नाही. त्यांच्या घरात देवी असू दे. आपल्या पोस्टरावर मात्र ती नसावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यापैकी अनेकींना ते पटणार नाही, तर दुपारी भांडूच.

मग काय काढायचं? नुसतं वास्तव? मार खाल्लेली बाई, कोपऱ्यात बसलेली, गुडघ्यांत डोकं? ते चित्र काढून-काढून इतकं गुळगुळीत झालं आहे की बायका त्याकडे बघतही नाहीत. आणि जिला खरंच मार बसला आहे ती तर मुद्दाम बघत नाही. कल्पनाशक्ती सिनेमाला आणि जाहिरातीला देऊन टाकायची आणि आपण फक्त दुःखाचे फोटो काढायचे, हा सौदा मला मान्य नाही.

चित्रा गणेश या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या चित्रकर्तीचं काम मला इथं उपयोगी वाटतं. आपण ज्या ‘अमर चित्र कथा’ वाचून मोठ्या झालो, अनंत पै यांनी १९६७ पासून मुंबईतून काढलेल्या, त्या परदेशात वाढणाऱ्या भारतीय मुलींनीही वाचल्या. चित्रा गणेश यांनी २००२ मध्ये ‘टेल्स ऑफ अ‍ॅम्नेशिया’ नावाची मालिका केली. तीच चौकट, तेच ठळक रंग, तोच बोलण्याचा फुगा. पण फुग्यातले शब्द बदललेले. राजकन्या स्वयंवरासाठी थांबत नाही, तिच्या मनात भलतंच काहीतरी चाललेलं असतं. मूळ चित्रकथेत बाई बहुतेक वेळा ऐकून घेते. इथं फुगा तिच्या हातात आला.

त्यांनीच २०१८ मध्ये लिनोच्या सत्तावीस छापचित्रांची एक मालिका केली, ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेवर. ही कथा रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईंनी १९०५ साली लिहिली, मद्रासच्या एका बायकांच्या इंग्रजी मासिकात. त्या स्वप्नातल्या देशात पुरुष जनानखान्यासारखे घरात बसतात, स्वयंपाक करतात. बायका सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजवतात, हवेतून प्रवास करतात, ढगांतून पाणी घेतात. तिथं कामाचे तास दोन. एकशेवीस वर्षांपूर्वी पडद्यात राहणाऱ्या बाईने हे लिहिलं, हातात एकही शस्त्र न देता! अवनींद्रनाथांनी भारतमाता काढली तेच हे साल. एकाच वर्षी बंगालात दोन कल्पना जन्मल्या. एकीची लाखो कॅलेंडरं छापली गेली. दुसरीचं चित्र पाहायला आपल्याला इतकी वर्षं थांबावं लागलं. आपल्या पोस्टरांसाठी दुसरीत जास्त मसाला आहे असं मला वाटतं.

परवा एका गटात मी हा प्रश्न टाकून पाहिला, की तुमच्या स्वप्नातल्या वस्तीत काय असेल. कुणी सिंह मागितला नाही, त्रिशूळही नाही. नळाला दिवसभर पाणी. संडासला आतून कडी. रात्री अकराला कामावरून येताना दिव्याखाली गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्या. आणि एकीला हवी होती दुपारी दोन ते चार स्वतःची खाट, जिच्यावर ती असताना कुणी बसणार नाही. ही सगळी चित्रंच आहेत. फक्त ती अजून कुणी काढलेली नाहीत.

आता दुपारचं सांगते. जेवणानंतर पाच गट करू. प्रत्येक गटाला जुनी कॅलेंडरं, सिनेमाच्या जाहिराती, चित्रकथांची पानं आणि नवरात्रातल्या पुरवण्या मिळतील. त्यांतल्या बायका कापून काढायच्या आणि प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहायच्या. ही कुणाकडे बघते आहे? हिच्या हातात काय आहे, आणि ते तिला कुणी दिलं? आपल्या वस्तीतली कोण हिच्यासारखी दिसत नाही? मगच नवं चित्र करायला घ्यायचं. आठ हातांची बाई कुणाला घ्यायचीच असेल तर घ्या, पण मग उरलेल्या सहा हातांतली कामं घरातल्या कुणाकुणाच्या हातात दिली तेही त्याच कागदावर दिसलं पाहिजे. मोबाइलवरून तयार चित्र उतरवून घेणं आजच्या दिवशी बंद. ज्यांना रेघ मारता येत नाही त्यांनी चिकटवावं, चिकटवता येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीने काढावं. खळ दोन डबे आहे, रंग पुरेसे आहेत. कात्र्या मात्र सहाच आहेत, तेव्हा त्या एकाच गटाने दाबून ठेवू नका.